दूरच्या ओळखीचे मोल

गिरण्यांच्या भोंग्यावर मुंबईचे घड्याळ चालत असे, त्या काळी कोकणातून किंवा घाटावरून नोकरीसाठी आलेला तरुण गिरणीच्या फाटकाशी जाण्याआधी आपल्या गावाची खोली शोधत असे. परळ, लालबाग, शिवडी येथील चाळींत एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहत. पाळीनुसार कोणी झोपलेले, कोणी कामावर; जेवण खानावळीत. त्यांच्यापैकी कोणीतरी नवागताला आपल्या खात्यातील जॉबरसमोर उभे करी आणि जॉबरने मान हलविली की बदली कामगार म्हणून त्याचे नाव लागे. गोव्याहून येणाऱ्या खलाशांसाठी धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावांच्या नावाने चालणारी, ‘कूड’ म्हणून ओळखली जाणारी वसतिस्थाने होती. त्यांपैकी काही आजही आहेत. जहाजावर जागा मिळेपर्यंत खलाशी तेथे मुक्काम करीत आणि कोणत्या बोटीवर माणसे हवी आहेत, ही खबर त्यांना तेथेच मिळे.

आज ज्याला ‘नेटवर्किंग’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, ते मुळात याहून फार निराळे नाही. त्या व्यवस्थेचे बळ मोठे होते. अनोळखी शहरात पहिल्या रात्रीपासून डोक्यावर छप्पर मिळे आणि पाठीशी कोणाचा तरी शब्द असे. तिची उणीव मात्र १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लख्ख दिसली. संप लांबला, अनेक गिरण्या पूर्ववत चालू झाल्याच नाहीत, आणि ज्या खोलीने नोकरी मिळवून दिली होती त्या खोलीतील सगळेच एकाच वेळी काम शोधू लागले. एकाला ठाऊक असलेली दारे तीच दुसऱ्यालाही ठाऊक होती, आणि ती बंद होती. माया, आस्था, धावून जाण्याची तयारी यांत काही कमी नव्हते. कमी होती ती नवी माहिती.

या कोड्याची उकल अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी त्याआधीच करून ठेवली होती. बोस्टन शहरालगतच्या न्यूटन येथे अलीकडे नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांकडे त्यांनी चौकशी केली. ज्यांना नोकरीची बातमी ओळखीतून कळली होती, त्यांना ती देणारी व्यक्ती त्या सुमारास कितीदा भेटत असे, हा त्यांचा प्रश्न होता. वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून बातमी कळलेले केवळ १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले ५५.६ टक्के, तर क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलेले २७.८ टक्के होते. मित्राने सांगितले का, असे विचारता, मित्र नव्हे, केवळ परिचित, अशी दुरुस्ती अनेकांनी केली. जिवलग माणसे बहुधा आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याला जे ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक असते. दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळात उठबस करतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी बातमी असते. ग्रॅनोव्हेटर यांचा हा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी एका नामांकित नियतकालिकाने तो साभार परत केला होता, ही गोष्ट नकारपत्रांचा गठ्ठा जमलेल्या उमेदवारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे काळ बदलला. सेवायोजन कार्यालयातील नोंदणीपत्र आणि रविवारच्या वृत्तपत्रातील जाहिराती यांच्या जोडीला १९९७ मध्ये ‘नौकरी डॉट कॉम’ आले, २००३ मध्ये व्यावसायिक परिचयांसाठीचे ‘लिंक्डइन’ सुरू झाले, आणि २०१५ मध्ये केंद्र शासनाने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ खुले केले. या नव्या जगातही जुना सिद्धांत टिकतो काय, याची तपासणी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१५ ते २०१९ या काळातील, लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरील प्रयोगांचा तो अहवाल होता. (प्रयोगाची कल्पना सदस्यांना दिलेली नव्हती, म्हणून त्यावर टीकाही झाली आणि ती अनाठायी नव्हती.) निष्कर्ष थोडा बारकाईने वाचावा असा आहे. नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी पडले ते अगदीच परके नव्हेत आणि अगदी निकटचेही नव्हेत, असे मधल्या अंतरावरचे परिचित. शिवाय, ज्या उद्योगांत संगणकीय तंत्राचा वापर कमी आहे तेथे निकटच्या संबंधांचाच अधिक उपयोग दिसला. तेव्हा वडिलांच्या ओळखी निकालात काढण्याचे कारण नाही. त्या कोठे पुरतात आणि कोठे अपुऱ्या पडतात, एवढेच समजून घ्यावयाचे आहे.

वशिला आणि ओळख

मराठी मध्यमवर्गाला या विषयाचा संकोच वाटतो. ‘कोणाचीही चिठ्ठी न घेता नोकरी मिळवली’ हे वाक्य आपल्या घरांत अभिमानाने उच्चारले जाते, आणि तो अभिमान रास्तच आहे. मात्र त्यापायी ओळख आणि वशिला ही एकच वस्तू मानली गेली. वशिला निर्णयावर दाब आणतो. ओळख माहिती पोहोचविते. निर्णय ज्याचा त्याच्याकडेच राहतो. अनेक खासगी कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना योग्य उमेदवार सुचविण्यास सांगतात आणि निवड झाल्यास त्यांना बक्षीसही देतात. सुचविलेल्या उमेदवारालाही मुलाखत द्यावीच लागते. यात लपविण्यासारखे काही नाही.

जेथे ओळखीला निवडीत स्थानच नाही, अशी क्षेत्रेही आहेत. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या भरतीतील मुलाखत रद्द केली. स्टेट बँक वगळता सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत परिवीक्षाधीन अधिकारी आणि लिपिकवर्गीय पदांची भरती आयबीपीएसच्या सामायिक परीक्षेतून होते. लिपिकवर्गीय पदांसाठी मुलाखत नाही. अधिकारीपदासाठी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे भारांकन ८० आणि २० असे आहे. ‘बँकेत चिकटवून देतो’ म्हणणारा माणस एक तर स्वतः फसलेला असतो किंवा दुसऱ्याला फसवीत असतो.

ही नवी पद्धत सर्वांना सारखीच न्याय्य आहे, असे म्हणणेही धाडसाचे ठरेल. ज्या घरातील पहिलीच मुलगी पदवीधर झाली, तिच्या दूरच्या ओळखींतही कंपनीच्या कार्यालयात बसणारे कोणी सहसा नसते. महाजालाने हे अंतर पुसलेले नाही. ते ओलांडण्याची एक वाट उपलब्ध करून दिली आहे.

काय मागावे, कोणाकडे मागावे

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, इचलकरंजीतील एक वाणिज्य पदवीधर तरुणी तीन वर्षे एका कापड व्यापाऱ्याकडे हिशेब पाहत होती. व्यापार आटला, नोकरी गेली. आता तिला पुण्यात एखाद्या कंपनीच्या लेखा विभागात काम हवे आहे. वडील, मामा, वर्गमैत्रिणी सर्वांना तिने सांगून ठेवले आहे. पण त्या सर्वांना ठाऊक आहेत त्या इचलकरंजीतल्याच पेढ्या. संकेतस्थळांवर तिने शंभरावर अर्ज टाकले, उत्तर एकाचेही नाही.

तिने वही घेऊन बसावे आणि मधल्या अंतरावरची माणसे आठवावीत. लेखापरीक्षणासाठी सनदी लेखापालाच्या कार्यालयातून येणारा तो प्रशिक्षणार्थी आज कोठे आहे? टॅलीच्या वर्गातील शिक्षिका? महाविद्यालयात दोन वर्षे पुढे असलेली, आता हिंजवडीत असलेली विद्यार्थिनी? सुरतेच्या पुरवठादाराकडील ते लेखापाल, ज्यांच्याशी बिलांतील चुकांवरून दरमहा फोनवर बोलणे होई आणि ज्यांना तिचे काम प्रत्यक्ष ठाऊक आहे? अशी वीस-पंचवीस नावे बहुतेकांच्या आयुष्यात निघतात. आजवर त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहिलेले नसते, इतकेच.

त्यानंतरचे काम पत्र लिहिण्याचे. येथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘सर, काही जॉब असेल तर बघा’ या ओळीला उत्तर येत नाही, याचे कारण समोरच्याचा तुसडेपणा नसून प्रश्नाची अडचण हे आहे. होय म्हणावे तर जबाबदारी येते, नाही म्हणावे तर वाईट वाटते; मग तो गप्प राहतो. माहिती मागणाऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर देता येते. सुरतेच्या त्या लेखापालांना तिने असे लिहावे:

‘नमस्कार सर. इचलकरंजीत हिशेबाचे काम पाहत असताना बिलांसंबंधी आपल्याशी दरमहा बोलणे होत असे. सध्या मी पुण्यात अशाच कामाच्या शोधात आहे. आपण पूर्वी पुण्यातील एका कंपनीत होता, असे आपल्या परिचयात वाचले. तेथे जीएसटीचे काम कार्यालयातच होते की बाहेरच्या सल्लागाराकडे दिले जाते, आणि टॅलीशिवाय आणखी कोणती प्रणाली यावी लागते, एवढे सांगू शकाल का? दहा मिनिटे फोनवर बोलता आले तरी पुरे.’

या पत्रात ओळखीचा संदर्भ आहे, उत्तर देता येईल असा प्रश्न आहे आणि वेळेची मर्यादा आहे. नोकरीची मागणी नाही, तरी नोकरी हवी आहे हे लपविलेलेही नाही. दहा पत्रांपैकी काहींना उत्तर येणारच नाही. आठवड्याने एकदा स्मरण द्यावे, त्यापुढे पाठपुरावा करू नये. कोणाला केव्हा लिहिले, काय उत्तर आले, त्याने आणखी कोणाचे नाव सुचविले, याची नोंद ठेवावी. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला खतावणी शिकविण्याची गरज नाही. पण स्वतःच्या नोकरीच्या शोधाची खतावणी फार थोडे जण ठेवतात.

पत्र वाचणारा आधी उमेदवाराचा परिचय उघडून पाहतो. तेथे ‘होतकरू, कष्टाळू, जिद्दी’ अशी विशेषणे असण्यापेक्षा ‘कापड व्यापारातील हिशेब, जीएसटी विवरणपत्रे, टॅली, ३ वर्षे’ ही एक ओळ अधिक काम करते. भरती करणारे लोक याच शब्दांनी शोध घेतात. ‘जिद्दी’ हा शब्द कोणी शोधत नाही. नोकरीत असतानाच दुसरी शोधणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. आपण संधीच्या शोधात आहोत ही खूण केवळ भरती करणाऱ्यांना दिसावी, अशी सोय लिंक्डइनवर आहे. परंतु आपल्याच कंपनीतील कोणाला ती दिसणार नाही, याची पूर्ण हमी ते संकेतस्थळही देत नाही.

उलट टपाली येणारी नोकरी

नोकरीची गरज चारचौघांत जाहीर केली की, ती गरज भामट्यांनाही वाचता येते. मुलाखत न घेताच ‘आपली निवड झाली आहे’ असा निरोप भ्रमणध्वनीवर येतो. पत्रावर नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असते. मग नोंदणी, गणवेश, लॅपटॉपची अनामत, कागदपत्रांची पडताळणी अशा नावांनी रक्कम मागितली जाते. दुसरा प्रकार घरबसल्या ‘टास्क’चा. हॉटेलांना तारे द्यावयाचे, चित्रफिती पसंत करावयाच्या; सुरुवातीला थोडे पैसे खरोखरच खात्यात येतात, विश्वास बसला की मोठी रक्कम भरण्यास सांगितले जाते, आणि ती परत येत नाही.

बँकेच्या दृष्टीने सर्वांत घातक प्रकार तिसरा. त्यात उमेदवाराकडून पैसे मागत नाहीत, उलट त्याच्या खात्यात पैसे पाठवितात. ‘कंपनीची रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल, कमिशन ठेवून बाकीची पुढे पाठवा’, हेच काम असते. ती रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीची असते. तपास सुरू होतो तेव्हा मूळ गुन्हेगार सापडो न सापडो, खातेदाराचे नाव, पत्ता आणि सही पोलिसांपुढे असते. खाते गोठते, आणि चौकशीला सामोरे जावे लागते ते नोकरी शोधणाऱ्या त्या मुलाला. आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड कोणत्याही ‘नोकरी’साठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

परदेशी नोकरीच्या बाबतीत धोका जिवावरचा आहे. थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते आणि तेथे डांबून त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करून घेतली जातात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. भरती करणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. देशातील नोकरी असल्यास पत्रावरील क्रमांकावर चौकशी न करता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील क्रमांक शोधून फोन करावा. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत विखुरण्याआधी ती थोपविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे नुकसान त्या दोन दिवसांत पक्के होते.

मुलाखतीची पूर्वतयारी

खरे बोलावणे आले की तयारीचा रोख बदलावा लागतो. मुलाखत म्हणजे गप्पांतून माणूस पारखणे, अशी अनेकांची समजूत आहे. संशोधन वेगळे सांगते. निवडपद्धतींवरील दीर्घकाळच्या अभ्यासांचा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पुन्हा आढावा घेतला. त्यात उमेदवार पुढे काम कसे करील याचा सर्वांत चांगला अंदाज देणारी पद्धत म्हणून आखीव मुलाखत पुढे आली. मनाला येतील ते प्रश्न विचारणारी मुलाखत तिच्या बरीच मागे राहिली. आखीव मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरांना ठरलेल्या मापाने गुण देतात. हे प्रश्न बहुधा घडलेल्या प्रसंगांविषयी असतात: वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केले, मुदत चुकण्याची वेळ आली तेव्हा काय केले.

अशा प्रश्नांपुढे विशेषणे लुळी पडतात. ‘मी कामात काटेकोर आहे’ हे उत्तर प्रत्येक उमेदवार देतो. इचलकरंजीची तरुणी मात्र असे सांगू शकते: दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी उपलब्ध होई आणि २० तारखेपर्यंत विवरणपत्र भरावयाचे असे. खरेदी नोंदवही आणि ते विवरण यांचा मेळ ती घालीत असे. एका महिन्यात एका पुरवठादाराची बिले त्यात दिसेनात. फोन केल्यावर कळले की, त्याने ती दुसऱ्याच जीएसटी क्रमांकावर नोंदविली होती. तिने यादी करून पाठविली, दुरुस्ती करवून घेतली, तोपर्यंत त्या बिलांवरील कराची वजावट थांबवून ठेवली आणि मालकांना तसे लेखी कळविले. पुढील महिन्यापासून तिने माल आल्याबरोबर बिलावरील क्रमांक तपासण्याची पद्धत घालून दिली. यात ‘काटेकोर’ हा शब्द कोठेही नाही.

असे सहा-सात प्रसंग आधी लिहून काढावेत. काय घडले, आपल्याकडे काय सोपविले होते, आपण काय केले आणि काय झाले, या क्रमाने ते दोन मिनिटांत सांगता आले पाहिजेत. त्यांत एखादा फसलेला प्रसंगही असावा, कारण तो हमखास विचारला जातो. लिहिलेले पाठ करू नये. मोठ्याने बोलून पाहावे, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना बहुतेकांना शरमल्यासारखे होते, चौथ्या खेपेला होत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. लेखा विभागातील मुलाखतीत अस्खलितपणापेक्षा ‘मेळ कसा घातला’ हे नीट सांगता येण्याला महत्त्व असते, आणि प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करणे यात कमीपणा नाही. दृक्‌श्राव्य मुलाखत असल्यास उजेड समोरून यावा, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा, आणि वीज गेली तर काय, याचा बंदोबस्त आदल्या दिवशीच करावा.

वेतनाचा प्रश्न शेवटी निघतो आणि तेथे हिशेबात मुरलेले उमेदवारही गोंधळतात. कंपनी सांगते तो आकडा बहुधा ‘सीटीसी’ असतो. त्यात मालकाने भरावयाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा आणि अनेकदा उपदानाची तरतूद, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम हीदेखील मिळविलेली असते. त्यातून स्वतःचा भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर वजा झाल्यावर दरमहा खात्यात किती जमा होईल, हे विचारून घ्यावे. पुण्यातील खोलीभाडे त्या रकमेतून द्यावयाचे आहे, सीटीसीतून नव्हे. असा प्रश्न नम्रपणे विचारल्याने कोणाची निवड रद्द होत नाही. न विचारता रुजू झालेल्यांची मात्र पहिल्याच महिन्यात निराशा होते.

मुलाखत संपली की एक काम उरते आणि तेच सर्वाधिक विसरले जाते. ज्या परिचितांनी दहा मिनिटे दिली होती, त्यांना निकाल कळवावयाचा. निवड झाली तर पेढ्यांसह कळविणारे पुष्कळ असतात. नकार आल्यावर लिहिणारे विरळा. इचलकरंजीच्या त्या तरुणीने सुरतेला असे लिहावे: ‘सर, ती जागा मला मिळाली नाही. आपण सांगितलेल्या प्रणालीविषयी त्यांनी विचारले, त्यातील दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. त्या प्रणालीचा वर्ग या सोमवारपासून लावला आहे. आपला वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.’